सौदागराची वाणी

थोरलीच्या हातून आपल्यावर अन्याय झाला, असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. शाळेत वेळापत्रक लावायचं काम तिच्याकडे होतं, आणि वेळापत्रक काय प्रकरण असतं हे ज्याने लावलंय त्यालाच ठाऊक. एकाला शेवटचा तास नको, दुसरीला पहिला नको, तिसऱ्याला जेवणानंतरचा वर्ग म्हणजे शिक्षा वाटते. या सगळ्यांना ती अशी बसवायची की कुरकुर झालीच तर सगळ्यांची सारखी व्हायची. सगळे सारखेच नाराज असले की वेळापत्रक बरोबर लागलं म्हणून समजावं, असं ती म्हणायची आणि म्हणताना हसायची नाही.

रविवारी दुपारी घरात खेळ चालायचा, तोही तिच्याच हातात होता. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत, की सोंगट्याही नव्हेत. टेबलाभोवती बसून गोष्ट खेळायची. एकाने गोष्ट चालवायची, की समोर नदी आहे, पुलावर पहारेकरी आहे, आता काय करता? बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. प्रत्येक पात्राला बळ, चपळाई, अक्कल आणि वाणी यांत वाटायला मिळून चाळीस गुण. फाशावर आपल्या गुणाएवढा किंवा त्याहून कमी आकडा पडला की जमलं, जास्त पडला की फसलं. चाळीसाचे एक्केचाळीस थोरलीने सख्ख्या भावालाही कधी करून दिले नाहीत, आणि त्याने मागून पाहिलं नाही असं नाही.

पण चाळीस म्हणजे सगळ्यांचे सारखेच चाळीस, हे कागदावर. टेबलावर बाबा होते ना.

बाबांनी जन्मभर फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारला. पहाटे पेट्या उतरायच्या आणि बाबांचा आवाज चढायचा. त्यांच्या तोंडून आकडा सुटला की ऐकणाऱ्याला वाटायचं, अरे, हा आकडा तर आपणच मनात धरला होता. निवृत्त झाल्यावर ही वाणी घरात मावेना, म्हणून ती रविवारच्या टेबलावर येऊन बसली. त्यांचं पात्र होतं फिरता सौदागर. चाळीसांपैकी अठरा गुण त्यांनी एकट्या वाणीत ओतले होते, आणि बळ इतकं कमी की सौदागराला स्वतःचं गाठोडंही उचलवत नसे. त्याला उचलायची गरजच पडायची नाही. दरोडेखोर आले की बाबा खुर्चीत पुढे सरकायचे आणि पाच मिनिटांत दरोडेखोर गाठोडं उचलून मागे चालू लागायचे.

त्यात नियम बाबांचाच होता. नुसतं 'मी त्याला पटवतो' असं म्हणून फासा टाकायचा नाही. काय बोलून पटवता ते इथे, आत्ता, तोंडाने बोलून दाखवायचं, मगच फासा हातात घ्यायचा. फुकटचा लिलाव कुठे असतो का, असं ते विचारायचे.

मजा यायची, खोटं कशाला बोला. पण धाकटा, म्हणजे थोरलीचा भाऊ, दिवसभर लिफ्टच्या खोल खड्ड्यांत उतरून दुरुस्त्या करणारा गडी, रविवारी तलवार घेऊन बसायचा आणि ती म्यानातून बाहेर काढायची वेळच यायची नाही. त्याची बायको, घरातली सूनबाई, चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दहा वाक्यं लागतील तिथे ती दोनांत भागवायची. तिची तिरंदाज कित्येक रविवार एकही बाण न सोडता घरी गेली होती. सूनबाई तक्रार करणाऱ्यांतली नव्हती. धाकट्यानेच एकदा बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, की बाबा असले की आम्ही दोघं नुसती शोभेला बसतो, हा कसला गं सारखेपणा.

थोरलीला ते लागलं. सारखेपणावर बोट ठेवलेलं तिला सहन व्हायचं नाही. तिने दोन संध्याकाळी डोकं लावलं आणि पुढच्या रविवारी जाहीर केलं, की यापुढे कुणाचीही वाणी दहाच्या वर जाणार नाही. कुणाचीही म्हणजे कुणाची, हे न कळायला तिथे कुणी दूधखुळं नव्हतं. तिने स्वतः सौदागराच्या कागदावर अठराचे दहा केले, उरलेले आठ बळात आणि चपळाईत टाकले, आणि कागद बाबांपुढे ठेवला. बेरीज चाळीसच होती. बाबांनी चष्मा चढवून कागद पाहिला, लेकीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं."

त्या दिवशी सौदागर एका नाकेदाराशी मनापासून बोलला आणि फाशाने त्याला पाडलं. धाकट्याने तलवार काढली, सूनबाईने बाण सोडले, आरडाओरडा झाला, सगळे खूश झाले. बाबाही हसले. आपण केलं ते अगदी बरोबर केलं, असं वाटून थोरली त्या रात्री शांत झोपली.

महिनाही उलटला नसेल, बाबा सकाळी दाढी करता करता न्हाणीघरात कोसळले.

मेंदूत रक्ताची गुठळी. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि वाचा गेली. डॉक्टरांनी समजावलं की त्यांना समजतं सगळं, विचारही होतो, पण शब्द जिथून उचलायचे ती वाट बुजली आहे. अशा माणसांच्या तोंडात कधी कधी एखादाच शब्द उरतो आणि ते सगळीकडे तोच वापरतात. बाबांच्या तोंडात कुठला उरला असेल? नर्सने नाव विचारलं, बाबा म्हणाले, बरं. पाणी हवं का, बरं. दुखतंय का, बरं. थोरली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ती बाहेर आली आणि भिंतीला टेकून तिथेच खाली बसली.

तिला कळत होतं हो. रक्ताच्या गुठळीला खेळातले आकडे कळत नाहीत, एवढं तिला कळत होतं. पण कळणं एक आणि मनाने ऐकणं दुसरं. आपण बापाची वाणी कापली आणि देवाने की दैवाने, जो कोण वर बसला असेल त्याने, आपला हिशेब पुरा केला, हे तिच्या डोक्यातून जाईना. बाबांनी 'बरं' म्हटलं की तिला तो रविवार दिसायचा. ती कुणाशी काही बोलली नाही.

घरी आल्यावर बाबांनी हाय खाल्ली. स्पीच थेरपीच्या बाई यायच्या, चित्रं दाखवायच्या, आ म्हणा, ऊ म्हणा करायच्या. बाबा पहिले काही दिवस त्यांचं मन राखायला तोंड हलवायचे, मग भिंतीकडे तोंड करून पडायला लागले. बाईंनी जाताना दारात थोरलीला स्पष्ट सांगितलं. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात. ते स्वतः धडपडले तर वाट थोडीफार उघडेल. धडपडलेच नाहीत तर मी रोज आले तरी काही उपयोग नाही, आणि पुढे पुढे ती वाट बंदच होते.

आता या माणसाला धडपडावंसं वाटेल असं जगात काय उरलंय, हा प्रश्न घेऊन बहीणभाऊ बसले, आणि धाकटा म्हणाला, रविवार सुरू करू.

थोरलीने जीव ओतून तयारी केली. बळात आणि चपळाईत टाकलेले आठ काढून सौदागराच्या वाणीचे पुन्हा अठरा केले. वर बोलून दाखवायचा नियम फक्त बाबांसाठी रद्द केला. बाबा डाव्या हाताने फासा टाकतील, बस्स. इतकंही तिला पुरेसं वाटलं नाही. ती आपल्यापुढे पुठ्ठ्याचा आडोसा घेऊन बसली, आणि बाबांनी टाकलेला फासा चटकन उचलून, न दाखवता, जमलं म्हणून सांगू लागली. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा जमलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा धाकट्याने टाळ्या वाजवल्या. बाबांनी टाळ्यांकडे पाहिलं, काठी घेतली आणि उठून खोलीत गेले.

पुढच्या रविवारी तिने उलटी गंगा वाहवली. बाबांना बोलता येत नाही ना, मग कुणीच बोलायचं नाही. गोष्टीत चेटकिणीने सगळ्यांची वाचा बांधली, सगळ्यांनी खुणांनी खेळायचं. बिचारीचा हेतू सोन्यासारखा होता. पण धाकटा हातवारे करून घोड्याची खूण करायला लागला, ते गाढव झालं, आणि सूनबाईला हसू फुटलं. धाकटाही हसला. दोघं तोंडावर हात ठेवून, आवाज न करता, खांदे हलवून हसत होती. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग डावा हात टेबलावरून असा फिरवला की फासे, पेन्सिली, कागद सगळं जमिनीवर. बरं, बरं, बरं, असं ते ओरडत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

स्वयंपाकघरात भावाने बहिणीला धारेवर धरलं. बाबांचं तू खेळणं करून टाकलंस म्हणाला. आधी लहान मुलासारखं जिंकवायचं, मग वेडावून दाखवायचं. थोरलीने ऐकून घेतलं, ऐकून घेतलं, आणि मग बांध फुटला. सगळं सांगितलं, अठराचे दहा, तो 'बरं', ती भिंत, सगळं. धाकटा मटकन स्टुलावर बसला. म्हणाला, तुझ्याकडे रडगाणं घेऊन कोण आलं होतं ताई, मीच ना? म्हणजे तो गेले दोन महिने तेच पोटात घेऊन हिंडत होता. बघा आता. एकाच घरात दोघं, आणि एकमेकांना पत्ता नाही.

सूनबाई कप विसळत होती. तिने नळ बंद केला.

"ताई, राग मानू नका," ती म्हणाली. "मी इतके रविवार गप्प बसले, पण मला कुणी दहा गुण जास्त दिले असते तर मी दुसऱ्या रविवारी आलेच नसते. आणि माझ्यासाठी बाबांची वाणी कापली तेही मला आवडलं नव्हतं. कुणी विचारलंच नाही."

तिच्या मानाने हे भाषणच झालं. तिने नळ पुन्हा सुरू केला.

थोरली तशीच उठली आणि बाबांच्या खोलीत गेली. बाबा भिंतीकडे तोंड करून होते. ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांच्या पाठीला सांगितलं, "बाबा, तुमच्या वाणीचे आठ गुण मी काढले. तुम्हाला विचारलं नाही. मला वाटलं मी बरोबर करतेय. आणि आता परत दिले तेही तुम्हाला विचारलं नाही." मग बाबा म्हणाले, बरं. कुठल्या सुरात म्हणाले, क्षमेच्या की कंटाळ्याच्या, ते तिला उमगलं नाही, आणि मी तरी कशाला उगीच ठरवून सांगू?

मधला आठवडा गेला. रविवारी थोरलीने तिन्ही पात्रांचे कागद टेबलाच्या मध्ये ठेवले, आडोशाचा पुठ्ठा कपाटात टाकला, आणि दारातून एवढंच म्हणाली, की आम्ही बसतोय. सगळे चाळीसाचे, नियम जुने, वाणीला मर्यादा नाही, बोलून दाखवायचं सगळ्यांनी. धाकटा तिच्याकडे बघतच राहिला, कारण त्या नियमाने बाबांचा सौदागर मुका झाला होता. बाबा येणार नाहीत असंच बहीणभावांना वाटत होतं.

काठीचा आवाज आला. बाबा आले, बसले, सौदागराचा कागद डाव्या हाताने ओढला आणि बराच वेळ बघितला. मग तो सूनबाईपुढे सरकवला आणि तिरंदाजाचा कागद स्वतःकडे घेतला. सूनबाईचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा, मला नाही जमणार, असं ती पुटपुटली, पण बाबांनी तिच्या कागदावर बोट आपटलं आणि थोरलीकडे पाहिलं, चल, कर सुरू.

नदी होती, पूल होता, पुलावर भाला घेतलेला पहारेकरी होता. सूनबाईला अठरा गुणांची वाणी घेऊन बोलायचं होतं. तिने ओठ ओले केले. बाबांसारखं फुलवून सांगणं तिला येत नव्हतं, तिने ते केलंही नाही. आम्हाला पलीकडे जायचंय, ती म्हणाली, आमच्यातलं एक माणूस फार दमलंय, त्याला घरी न्यायचंय. एवढंच. धाकट्याने मान खाली घातली. तिने फासा टाकला आणि पडले एकोणीस. अठरा गुण असताना एकोणीस पडावेत, याला नशीब म्हणायचं. पहारेकऱ्याने भाला उगारला.

धाकट्याचा वार हुकला आणि त्याचा गडी झोकाने पार पुढे निघून गेला. बाबांनी डाव्या हाताने फासा टाकला, तो टेबलावरून घरंगळून खाली गेला, धाकटा वाकून आणायला निघाला तर बाबांनी त्याला थांबवलं, स्वतः काठीने ओढून घेतला आणि पुन्हा टाकला. बाण पाण्यात गेला. आता पहारेकऱ्याची पाळी, म्हणजे थोरलीची. तो सगळ्यात जवळच्या माणसावर धावणार, आणि जवळ होती तिरंदाज. भाला लागला. किती लागला त्याचा बारा बाजूंचा फासा तिने सगळ्यांदेखत टाकला. अकरा.

तिरंदाजाचा जीव, म्हणजे संपला की पात्र मेलं तो आकडा, होता चौदा. थोरलीने आकडा होता तसा सांगितला. अकरा वजा करा, बाबा.

बाबांनी पेन्सिल उचलली नाही. ते कागदावर वाकले, बोट एकेका ओळीवरून फिरवत नेलं, आणि एका शब्दावर ठेवून टकटक केलं. ढाल. ढालीने घावातले तीन वाचतात, हे टेबलावर सगळ्यांना पाठ होतं. बाबांनी मान वर केली. तोंड उघडलं. जबडा एका बाजूला ओढला गेला, गळ्याच्या शिरा ताठल्या, आणि थेरपीच्या बाईंना इतके दिवस चित्रं दाखवून जो आवाज काढता आला नाही तो निघाला. "आ," बाबा म्हणाले. "आ... आठ."

सूनबाईचा हात तोंडावर गेला. धाकटा खुर्चीतून अर्धा उठला होता. "ताई," तो म्हणाला, त्याचा आवाज फुटला होता, "आठ कर. आठ दे त्यांना."

आणि कोण नसतं दिलं, सांगा. तुम्ही दिले असते, मी तर पहिल्या 'आ'लाच दिले असते. थोरलीला ते आठ देऊन बाबांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. तिचे डोळे भरून आले होते, टेबल नीट दिसत नव्हतं. पण बाबा तिच्याकडे बघत होते, आणि ते बघणं तिने लहानपणी बाजारात शंभरदा पाहिलं होतं. समोरचा काय म्हणतो याची वाट बघणारं. लगेच हो म्हणणारा माणूस बाबांना कधीच आवडला नव्हता.

"ढाल पाठीवर होती, बाबा," ती म्हणाली. "दोन्ही हातांत धनुष्य होतं. अकरा."

धाकट्याने अविश्वासाने तिच्याकडे पाहिलं. बाबांनी डोळे बारीक केले. पुन्हा जबडा ओढला गेला, कपाळावर घाम आला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली ती त्यांनी बाहीला पुसली.

"न... नऊ."

"अकरा, बाबा."

"द..." ते थांबले. श्वास घेतला. कुणी शब्द पुरा करायला पुढे झालं नाही. "दहा."

थोरलीने नुसती मान हलवली. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती मान हलवत होती, नाही, बाबा, नाही.

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग डावा हात उचलला आणि टेबलावर पालथा आपटला, फासे उडाले. "अकरा," ते म्हणाले. अगदी स्वच्छ.

त्यांनी डाव्या हाताने पेन्सिल धरली, चौदावर रेघ मारली आणि बाजूला वेडावाकडा तीन काढला. मग धाकट्याकडे पाहिलं. तो तसाच उभा राहून रडत होता. त्यांनी फासा त्याच्यापुढे सरकवला, कारण पाळी त्याची होती आणि उगीच वेळ चालला होता.